तीन रंग, पण मालक एकच

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सोलापुरातल्याच एक ताई सोलापुरी चादर आणि इरकल-खणाच्या कापडातून पिशव्या आणि जॅकेटं शिवून विकतात. आता त्यांना लोगो, पॅकिंग आणि प्रदर्शनातला स्टॉल हे सगळं एका धाटणीत आणायचं आहे. "ब्रँडला तीनच रंग असावेत" असं कुणीतरी सांगितलं आणि लाल, पिवळा, निळा असा लोगोही करून दिला. ताई म्हणतात, तो बालवाडीच्या पाटीसारखा दिसतो. मग कोणते तीन घ्यावेत? ६०-३०-१० चा नियम पाळावाच लागतो का? पांढरा आणि काळा रंगांत धरायचे की नाही? आणि हेच गणित अंगावरच्या कपड्यांना लागू पडतं का?

ताई, घोळ रंगांत नाही, वाटणीत आहे. तुमच्या लोगोत तिघांनाही सारखा हिस्सा मिळालाय, तिघंही ठणठणीत, आणि तिघंही एकाच वेळी बोलतायत.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात ग्राफ काढणारा म्हणून लागलो, त्याला तीस वर्षं उलटून गेली. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून नक्षी काढायची, त्यावरून जकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी, भोकांची कार्डं पंच व्हायची आणि ती मागावर चढायची. पुढे टॉवेलचे काठ केले, गणवेशाच्या चौकड्या केल्या, आता दुकानांच्या पाट्या आणि पॅकिंगची कामंही करतो. रंगाबद्दल मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं एका चादरीने शिकवलंय. तिथूनच सुरू करू.

घरातली जकार्डची जुनी चादर काढा. तांबड्या जमिनीवर, म्हणजे मागच्या मोकळ्या रंगावर, पांढरी नक्षी असेल, तर चादर उलटी करा. मागच्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर तांबडी नक्षी दिसेल. सूत तेच, रंग तेच, मोरसुद्धा तोच. तरी एक बाजू लग्नघरातली वाटते आणि दुसरी दवाखान्यातली. गिऱ्हाईक दुकानात चादर उलटसुलट करून बघतं ना, ते खरं म्हणजे दोन वेगळ्या चादरी बघत असतं. रंग एकही बदलला नाही, फक्त जमीन कोण आणि नक्षी कोण, एवढंच बदललं. म्हणून "कोणते तीन रंग?" या प्रश्नाआधी "त्यातला मालक कोण?" हे विचारायचं.

६०-३०-१० हा नियम घरसजावटवाल्यांचा. भिंती आणि मोठ्या गोष्टी साठ टक्के, पडदे आणि सोफा तीस, उशा आणि फुलदाणी दहा. अंदाज म्हणून चांगला आहे, मोजपट्टी म्हणून नको. पाकिटावर मला तो फार गोंगाटी वाटतो. तिथं मी ७०-२५-५ च्या आसपास जातो, आणि ते पाच टक्केही कधी कधी जड होतात. भडक रंगाला जागा कमी लागते. चमचाभर शेंगाचटणी ताटात बघा, अख्खी भाकरी एकीकडे आणि ती एकीकडे.

"मग तिरंग्यात तीनही पट्टे सारखेच की!" हा आक्षेप मला दर वर्कशॉपमध्ये ऐकावा लागतो, आणि चार हुतात्म्यांच्या गावात, म्हणजे आपल्या सोलापुरात, तो यायलाच हवा. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने स्वीकारलेला ध्वज नीट बघा. केशरी आणि हिरवा एकमेकांना कुठेही चिकटलेले नाहीत, मध्ये पांढरा बसलाय. केशरीला हिरवा थेट लावून बघा, शिवणीवर डोळा ठरत नाही, कड थरथरल्यासारखी होते. युरोपातल्या ढालींवरच्या चिन्हांना शेकडो वर्षांपासून हाच दंडक आहे: गडद रंगावर गडद रंग ठेवायचा नाही, मध्ये पांढरा किंवा पिवळा घ्यायचा. धुरळ्यातून लांबून ढाल ओळखू आली पाहिजे ना! आणि तिरंग्यात डोळा शेवटी कुठे जाऊन थांबतो? गडद निळ्या चक्रावर. क्षेत्रफळाने ते सगळ्यांत लहान. पट्टे समान असले तरी मानाचं पान तिथंही एकालाच आहे.

आता माझी फजिती सांगतो. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका व्यापाऱ्याने तांबड्या-हिरव्या बारीक चौकड्याची चादर मागितली. मी दोन-दोन दोऱ्यांची चौकडी काढली. ग्राफवर ती डाळिंबाच्या बागेसारखी दिसत होती. मागावरून नमुना उतरला, हातात घेऊन बघितला तर छानच. मग तो आवारात दोरीवर टाकला. कारखान्याचे मालक गेटातून आत आले, वीस-पंचवीस फुटांवर थांबले आणि मागवाल्याला म्हणाले, "ही मातकट चादर कुणाची बे?" मी मागे वळून बघितलं. खरंच, तांबडाही नाही, हिरवाही नाही, ओल्या मातीचा एक मळकट पट्टा लोंबत होता.

झालं होतं असं की दोरे इतके बारीक आणि इतके जवळ, की लांबून डोळ्याला ते वेगळे दिसतच नाहीत. डोळा त्यांची बेरीज करतो, आणि तांबड्या-हिरव्याची बेरीज मातकट होते. तीच चौकडी दोन दोऱ्यांऐवजी बोटभर रुंद केली असती तर लांबूनही दोन्ही रंग आपापल्या जागी दिसले असते. नमुन्याच्या चार चादरी निघाल्या होत्या. त्यातली एक अजून आमच्याकडे आहे, उन्हाळ्यात पापड तिच्यावर वाळतात. तुमच्या लोगोत जर तीन रंगांच्या बारीक रेघा शेजारी शेजारी असतील, तर पिशवीच्या लेबलवर तो मोठा दिसेल पण मोबाइलच्या गोल चित्रात त्याचा चिखल होईल. लोगो नखाएवढा करून बघा, हाताएवढा नको.

ही भानगड आमच्या धंद्यात जुनीच आहे. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा राजेशाही कारखाना होता, भिंतीवर लावायच्या, चित्रं विणलेल्या कापडांचा. १८२४ मध्ये तिथल्या रंगाई खात्याचा प्रमुख म्हणून शेव्रल नावाचा रसायनतज्ज्ञ आला. तक्रार अशी होती की तिथला काळा फिका पडतो, दम नाही त्याच्यात. त्याने रंग तपासला, दुसरीकडच्या काळ्या सुताशी ताडून बघितला. रंग ठणठणीत होता. काळा दोरा निळ्या-जांभळ्या दोऱ्यांच्या शेजारी विणला की तो मरगळलेला दिसत होता, एवढंच. शेजारी-शेजारी आलेले रंग एकमेकांना ढकलतात, हे त्याने पुढे १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. (गृहस्थ एकशे दोन वर्षं जगला. रंगाचं पाणी मानवलं म्हणायचं.) घरी करून बघायचं असेल तर राखाडी कागदाच्या दोन सारख्या चकत्या कापा. एक लालभडक कागदावर ठेवा, एक हिरव्या. लालवरची किंचित हिरवट दिसेल आणि हिरव्यावरची गुलाबीसर. म्हणून शेडकार्डावर एकटा रंग बघून "हाच घेऊ" म्हणायचं नाही. ज्या दोघांच्या शेजारी तो आयुष्य काढणार, त्यांच्या मांडीला मांडी लावूनच तो बघायचा.

लाल-पिवळा-निळा हे रंगचक्रावर एकमेकांपासून सारख्या अंतरावर बसतात, त्याला त्रिकूट म्हणतात. पुस्तकात ते शोभतं. वापरायचं असेल तर तिघांतला एकच चोख ठेवायचा आणि उरलेल्या दोघांचं तेज उतरवायचं: पिवळ्याचा हळदीचा किंवा मोहरीचा, निळ्याचा शाईचा. तुमच्याकडे तिघंही चोख आहेत, म्हणून बालवाडी.

रंगाच्या नावापेक्षाही मी आधी बघतो तो उजेड-काळोख. फोनवर तुमच्या लोगोचा फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. तीन रंगांच्या तीन वेगळ्या करड्या छटा दिसल्या तर काम झालं. दोन रंग एकच करडे झाले तर ते दोघे कागदावर भांडणार. लालवर हिरवी अक्षरं, जांभळ्यावर निळी अक्षरं, नारिंगीवर गुलाबी अक्षरं, असल्या पाट्या नवी पेठेतून एक चक्कर मारली तरी भेटतात. रंग वेगळे, पण काळोख सारखा, म्हणून वाचता येत नाहीत. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्या वाटण्यापेक्षा जास्त असतात. वेबसाइटसाठी तर सरळ आकडाच आहे: साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेड किमान ४.५ ला १ या प्रमाणात वेगळा हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. मोजून देणारी फुकट साधनं ऑनलाइन मिळतात. ज्यांना आकडे नकोत त्यांनी डोळे किलकिले करून बघावं. जे विरघळलं ते चुकलं.

तीन रंगांचा याहून चांगला धडा हवा असेल तर आजीची इरकल उघडा. अंग गडद, म्हणजे डाळिंबी किंवा मोरपंखी. काठ लाल-किरमिजी. पदर लाल, आणि त्यात पांढऱ्याच्या दातेरी नक्ष्या, ज्याला टोप-तेनी म्हणतात. पांढरा अख्ख्या लुगड्यात फक्त पदरावर येतो, आणि म्हणून पदर लांबून ओळखू येतो. अंगावर पांढरे ठिपके टाकले असते तर पदराचा मान गेला असता. इरकलचं गाव कर्नाटकात, पण आपल्याकडच्या दोन पिढ्या त्यात वावरल्या, म्हणून आपला डोळा नकळत त्या वाटणीला सरावलाय. तुमच्या गिऱ्हाइकाचाही.

इथंच पांढऱ्या-काळ्याचं उत्तर येतं. पांढरा मोजायचा. जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेवेळी सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात तेव्हा हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात. समजा तेच लोक रंगीबेरंगी शर्टांत आले असते, तर फुलांनी सजलेल्या त्या उंच काठ्या गर्दीत शोधाव्या लागल्या असत्या. तो पांढरा मोकळी जागा नाही, तोच साठ-सत्तर टक्क्यांचा मालक आहे. अक्षरांचा काळाही मोजायचा. "तीन रंग, अधिक काळा, अधिक पांढरा" म्हणणारा पाच रंग वापरत असतो. ब्रँडचे तीन म्हणजे कागदासकट तीन. पार्ले-जीचा पुडा आठवा: पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि लाल नाव. टपरीवर दहा पुड्यांत तो हाताला बरोबर लागतो.

आता तुमचं काम. तुमचा मालच इतका रंगीत आहे की ब्रँडने गप्प बसावं. चटणीवाल्याला भडक पाकीट परवडतं, कारण चटणी आत असते. तुमची पिशवी बाहेर टांगलेली असणार आणि तिच्यात आधीच चार रंग असणार. त्यामुळे मी देईन ते असं: मालक म्हणून न रंगवलेल्या कोऱ्या सुताचा पांढुरका, त्याच्यासोबत शाईसारखा काळसर निळा, आणि इरकलच्या पदराचा लाल अगदी चिमूटभर. अक्षरं निळ्यात. काळा वेगळा घ्यायचाच नाही. लाल फक्त एका जागी, हवं तर लेबल शिवताना लाल दोऱ्याचा एक टाका. तो टाका म्हणजेच तुमची ओळख. पण मग लाल स्टॉलच्या पडद्यावर, झालरीवर, किमतीच्या चिठ्ठ्यांवर दिसता कामा नये. हे पाळणं सगळ्यांत अवघड जातं, कारण मंडपवाला येताना लाल झालर घेऊनच येतो.

खाकी कागदाची पिशवी वापरणार असाल तर तो कागद हाच तिसरा रंग धरा. खाकीवर छापलेला लाल विटकरी होतो आणि पिवळा तर गायबच होतो. निळ्या एकाच रंगात छापा. खर्चही वाचतो, कारण स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला वेगळी स्क्रीन आणि वेगळा हात फिरतो. लोगो एका रंगातही उभा राहिला पाहिजे. कुरिअरच्या खोक्यावर रबरी शिक्का मारायची वेळ रोज येणार आहे.

छपाईवाल्याला फोनवरचा रंग दाखवू नका. प्रत्येक फोनचा पडदा वेगळा. त्याला सुताची लड द्या आणि सांगा, "ह्याच्याजवळ आण." चार शाईंच्या छपाईत गडद निळा जांभळ्याकडे झुकतो; त्यातली गुलाबी शाई कमी करायला सांगा. रक्कम परवडली तर त्या निळ्याची वेगळी तयार शाई घ्या, दर खेपेला सारखा येईल. सूत आणि अस्तर जुळवायचं ते दुकानाबाहेर येऊन, उन्हात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन निळे बाहेर आले की एक हिरवट निघतो. दोन वेगळ्या रसायनांनी रंगवलेलं कापड एका उजेडात सारखं आणि दुसऱ्यात वेगळं दिसू शकतं. याच्यापायी मी एकदा टॉवेलच्या काठाचं अख्खं सूत परत पाठवलं आहे.

आपल्या गावचं ऊन हाही या कामातला एक गडी धरा. फ्लेक्सवरचा लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा टिकतो. म्हणून दोन उन्हाळे झाले की दक्षिणेकडे तोंड असलेल्या पाट्यांवरच्या पुढाऱ्यांचे चेहरे निळसर होतात. बाहेरच्या पाटीत लाल ठेवायचा असेल तर कापलेलं विनाइल किंवा ऑइल पेंट घ्या.

कोऱ्या पांढुरक्यात लाल शिवणार म्हणजे एक धोका आहेच. लाल कापड शिवायच्या आधी पांढरं ओलं फडकं त्यावर दाबून इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग आला तर ते कापड अस्तराजवळ नको. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होतो ही समजूत घराघरात आहे, पण तयार सुती कापडाचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही. जादाचा रंग धुवून काढणं एवढंच आपल्या हातात असतं.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथं नियम मोडण्यातच मजा आहे. तरी दोन गोष्टी. चादरीचं जॅकेट घातलं की तुमचे तीन रंग तिथंच संपले. कुर्ता आणि सलवार त्या चादरीतल्याच एखाद्या रंगाची, शक्यतो सर्वांत कमी दिसणाऱ्या. तांबड्या-हिरव्या-पांढऱ्या चादरीत हिरवा बारीक असेल तर हिरवा कुर्ता घाला. जॅकेटमधला तो बारीक हिरवा लगेच उठून येतो. दुसरं, सोनं, चप्पल आणि पर्स हेही मोजणीत येतात. आपल्या बायका सोनं रंगांत धरत नाहीत आणि मग "काहीतरी जास्त झालं" म्हणून आरशासमोर उभ्या राहतात. एका रंगाची फिकी-गडद रूपं मात्र मी एकच धरतो. निळी जीन्स आणि आकाशी शर्ट म्हणजे एक रंग, दोन नाहीत. आपल्याकडे शिवल्या जाणाऱ्या गणवेशांत बहुतेक वेळा हेच असतं: गडद विजार, फिका सदरा आणि टायवर एकच वेगळी पट्टी.

आता करायचं ते इतकंच. पोस्टकार्डाएवढे तीन पुठ्ठे घ्या. मागवाल्याकडून तीन रंगांच्या सुताच्या कांड्या आणा. पहिल्या पुठ्ठ्यावर पांढुरक्याचे सत्तर फेरे, निळ्याचे पंचवीस, लालचे पाच, असे शेजारी शेजारी गुंडाळा. दुसऱ्यावर निळ्याला सत्तर द्या. तिसऱ्यावर साठ-तीस-दहा. तिन्ही गॅलरीत टांगा आणि खाली रस्त्यापलीकडे जाऊन बघा, एकदा सकाळी, एकदा दिवे लागल्यावर. तीन पुठ्ठे म्हणजे तीन वेगळी दुकानं दिसतील. त्यातलं तुमचं कुठलं ते तुम्हालाच कळेल. आणि निवडलेल्या पुठ्ठ्यावरचे लालचे दोन फेरे काढून परत एकदा खाली जा.